एक्केचाळीस नंबरचे झाड

मु. चोरखमारा, ता. तिरोडा, जि. गोंदिया
ता. २४ जून

चि. जावईबापू इंद्रकुमारजी यांस केशोराव पटले यांचा पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघे बरे आहोत, म्हणजे जमुनाबाई बरी आहे आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे मीसुद्धा बरा आहे. तुमची प्रकृती कशी आहे? प्रेमिलाची कशी आहे? (विशेषतः प्रेमिलाची. का ते पुढे येईल.) तिला फेब्रुवारी महिन्यात ताप, चक्कर, अन्नावरून मन उडणे असे काही झाले होते का? झाले नसेल तर देवाची कृपा, पण झाले असेल तर तारखेसह कळवावे. पत्र तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवत आहे. फोन केला की प्रेमिला उचलते आणि स्पीकरवर टाकते, आणि ही गोष्ट स्पीकरवर सांगण्यासारखी नाही. वाचून झाल्यावर पत्र फाडून टाका. किंवा नका फाडू, पुढे चौकशी झाली तर तुमच्या उपयोगी पडेल. मला काही सुचत नाही, तुम्हीच ठरवा.

गोष्ट झाडांची आहे. गेल्या पावसाळ्यात तुमच्या कंपनीने आमच्या धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर (तुमच्या पुण्याकडे ज्याला शेताचा बांध म्हणतात) साठ रोपे लावली, हे तुम्हाला माहीतच आहे, कारण तुम्हीच लावून दिली. विमान उडाले की धूर होतो, तो धूर झाड पिते, म्हणून कंपनीमार्फत जो माणूस विमानाने फिरायला जाईल त्याच्या नावाने एक झाड, हे तुम्ही मला तीनदा समजावले आणि मी तीनदा हो म्हटले. (पुण्याहून सिंगापूरला जाणारा धूर चोरखमाऱ्याला कसा पोचेल, हे मला त्याच वेळी विचारायचे होते. जावयाला किती विचारायचे म्हणून राहू दिले. शेजारच्या चैतरामने मात्र विचारले, "धुराले का पत्ता लिहून देते का गा हे लोक?" मी त्याला सांगितले की हवा सगळी एकच आहे. तो म्हणाला की मग झाडे पुण्यातच का नाही लावत. हेही तुम्हाला विचारायचे आहे.)

पण जावईबापू, प्रत्येक रोपाला तुम्ही पत्र्याचा बिल्ला बांधला, त्यावर नंबर आणि प्रवाशाचे पूर्ण नाव. आमच्याकडे झाडाला माणसाचे नाव केव्हा लागते? माणूस गेल्यावर. माझ्या आईच्या नावाचा आंबा आहे, काकाच्या नावाची चिंच आहे. जित्या माणसाच्या नावाचे झाड या गावात कोणी पाहिलेले नाही. आठ दिवसांत बाया धुऱ्यावरून जाताना हात जोडू लागल्या. बावीस नंबरच्या रोपापुढे कोणीतरी नारळ फोडला. चैतराम तर संध्याकाळी मुद्दाम घरी आला आणि हळूच म्हणाला, "केशोभाऊ, साठच्या साठ गेले? कोठं पडलं गा इमान?" मी सांगितले की सगळे जिवंत आहेत आणि फिरून घरी गेले आहेत. त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू जावयाची नोकरी वाचवण्यासाठी मी अपघात लपवतो आहे.

त्या दिवसापासून माझ्या मनात शंका बसली की झाडाला झाले ते त्या माणसालाही होईल, ती उठलीच नाही. रोज सकाळी मी धुऱ्याने फिरतो आणि साठ लोकांची तब्येत पाहतो. अकरा नंबरचे कोणी कुलकर्णी आहेत, त्यांचा आवळा पिवळा पडला तेव्हा मी चार दिवस शेणखत घालून त्यांना वाचवले. त्यांना कल्पनाही नसेल. आणि एक्केचाळीस नंबर, मोहाचे रोप, त्याच्या बिल्ल्यावर लिहिलेले, "सौ. प्रेमिला इंद्रकुमार बिसेन." तुम्ही दोघे सिंगापूरला गेलात तेव्हाचे. त्याला मी काट्यांचे कुंपण केले, बाकीच्यांपेक्षा एक गुंड, म्हणजे घागरभर, पाणी जास्त घातले. (हा पक्षपात झाला, कबूल करतो.)

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला चैतरामची शेळी कुंपणातून घुसली आणि माझी पोरगी खाऊन गेली. म्हणजे रोप. पण बिल्ला दातात धरून शेळी उभी होती, त्यावर प्रेमिलाचे नाव, आणि जमिनीवर बोटभर काडी. मी लगेच फोन केला, प्रेमिला म्हणाली, "बाबा, मी छान आहे, मीटिंगमध्ये आहे." छान असलेले माणूस इतक्या लवकर फोन ठेवते का? आठवडाभर पाणी घातले, काडी वाळतच गेली. वाळलेल्या काडीला पोरीचे नाव लटकते आहे, हे रोज बघणे मला झेपले नाही.

आता धानाच्या शेतकऱ्याचा हात कसा चालतो ते तुम्हाला ठाऊक आहे. रोवणीत धानाचा एक पऱ्हा, म्हणजे रोप, मेला तर आम्ही अर्ज करत नाही, त्या जागी दुसरा खोचतो. मीही तेच केले. धुऱ्याच्या टोकाला माझ्या आजोबांच्या काळचा मोह आहे, ज्याच्याखाली प्रेमिला लहानपणी टोपली घेऊन फुले वेचायची, त्याला मी तो बिल्ला तारेने बांधला. मोहाच्या जागी मोहच, जातही बदलली नाही. त्या दिवशी मला पोटभर जेवण गेले.

पुढे मार्चमध्ये तुमच्या कंपनीचा तिमाही फॉर्म आला. ग्रामपंचायतीत संगणकावर बसणारी रिंकू तो भरते, मी सुतळीने घेर मोजून आणतो. चाळीस नंबरपर्यंत दोन सेंटीमीटर, तीन सेंटीमीटर असे चालले होते. "एक्केचाळीस?" मी म्हटले, दोनशे चौऱ्याहत्तर. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, टाइप करून टाकले. मी खोटे बोललो असतो तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. मी खरे मोजले, हीच माझी चूक झाली.

आता तुमच्या ऑफिसचे पत्र आले आहे. त्यात लिहिले आहे की सात महिन्यांत एवढे वाढलेले झाड कंपनीने आजवर पाहिलेले नाही, एकट्या एक्केचाळीस नंबरने सिंगापूरच्या कितीतरी फेऱ्यांचा धूर प्यायला आहे, आणि दहा जुलैला तीन साहेब कॅमेरा घेऊन विमानाने नागपूरला उतरून माझा सत्कार करायला येत आहेत. येण्याजाण्याच्या धुरापोटी तीन नवी रोपे सोबत आणणार आहेत. म्हणजे प्रत्येक तपासणीला तीन रोपे. असे तपासत राहिले तर माझ्या धुऱ्यावर तूर कुठे लावू?

पण माझी झोप तुरीने उडालेली नाही. साहेब काय पाहणार? सासऱ्याचे शेत, जावयाची कंपनी, बायकोच्या नावाचे झाड, आणि नेमके तेच सगळ्यात मोठे. कोणताही शहाणा माणूस म्हणेल की सासरा-जावयाने संगनमत केले. तुमची बारा वर्षांची नोकरी माझ्या एका तारेच्या वेढ्याने जाईल. जमुनाबाई म्हणते, "जावयाले सारं सांगून टाका ना, कायले जीव जाळून राहिले?" म्हणून सांगून टाकले. दोष सगळा माझा आहे, थोडा शेळीचा आहे, तुमचा अजिबात नाही, असे मी साहेबांना लिहून द्यायला तयार आहे. फक्त प्रेमिलाला तिचे झाड मेले हे कळू देऊ नका.

तुमचा,
केशोराव पटले
(सातवी पास, शुद्धलेखन माफ असावे)

ता. क. पत्र बंद करत होतो तेवढ्यात जमुनाबाई धुऱ्यावरून धावत आली. शेळीने खाल्लेल्या काडीला बुडातून फूट निघाली आहे. दोन पाने, लालसर. मी स्वतः जाऊन मोजली, दोनच आहेत. देव पावला, पण आता एक्केचाळीस नंबरची झाडे दोन झाली.

ता. क. २. बिल्ला मोहावरून काढून सध्या खिशात ठेवला आहे, खाली बसलो की टोचतो. जूनचा फॉर्म भरायचा आहे आणि रिंकू विचारते आहे की घेर काय टाकू. खरे लिहिले तर दोनशे चौऱ्याहत्तरचे झाड तीन महिन्यांत आटून काडी झाले असे होते. यावेळी मी फॉर्मवर लिहायला सांगितले आहे, "झाडमालकीण येऊन सांगेल."

ता. क. ३. तेव्हा दहा तारखेच्या आधी प्रेमिलाला घेऊन या आणि बिल्ला कुठे बांधायचा ते तिलाच ठरवू द्या. (शेळीचे मी सांगेन, तुम्ही नका सांगू.) महाराष्ट्र एक्स्प्रेसने या, विमानाने नको, धुऱ्यावर आता तुमच्या दोघांपुरतीही जागा नाही.

ता. क. ४. जमुनाबाई हे सगळे वाचून म्हणते की एवढे चार कागद काऊन भरले, सरळ लिहायचे होते की पोरगी दोन वर्षांत घरी आली नाही. तसे काही नाही. तरी तिरोड्याला कोणत्या दिवशी उतरणार ते कळवा, मी आदल्या दिवसापासून स्टेशनवर आहे.