अण्णांची हुडी

२ डिसेंबर
अण्णांना कन्नडहून घेऊन आले. आई गेल्यापासून एकटेच होते तिथं. खोकल्यानं अंथरूण धरलं, तेही शेजारणीच्या फोनवरून कळलं मला. एसटीत बसल्यावर पहिलंच वाक्य, "लेकीच्या घरी किती दिस राहायचं असतंय गं?" म्हटलं, थंडी सरेपर्यंत.

५ डिसेंबर
गारठा लई. शाल अण्णांच्या खांद्यावर ठरत नाही. माझ्या सईनं तिची काळी हुडी दिली. (पोरगी स्वतःला ढगळच घेते, अण्णांना बरोब्बर बसली.) टोपी डोक्यावर ओढून आरशात बघितलं त्यांनी. "ही तर आपली खोळ की! बाह्या तेवढ्या नव्या."
सईला खोळ कुठली माहीत. मग ब्लँकेटचीच करून दाखवली. एक कोपरा आत दुमडायचा, तो डोक्यावर, बाकीचं पाठीवर सोडायचं.
दिवसभर बँकेत तेच डोक्यात. शाळेची वाट, अण्णांची घोंगडी, आत मी. लोकर, धूर, तंबाखू, सगळा एक वास. बाहेरचं काही दिसायचं नाही. भीती कशी ती नव्हतीच.

८ डिसेंबर
माळ्यावरून सईची कुंची काढली. खणाची, आईनं शिवलेली. टाळूला वारं लागायला नको म्हणायची. सई म्हणे, "म्हणजे मी जन्मल्यापासून हुडीच घालते."
माझं कॉलेजातलं टोपीचं जाकीट आठवलं. रस्त्याकडेच्या स्वेटरवाल्यांकडचं, करडं. आई नको म्हणत होती, पोरीच्या जातीला असलं कशाला. अण्णांनी घेऊन दिलं. ते घालून क्रांती चौकातून सायकलवर... काय समजायचे मी स्वतःला!

१४ डिसेंबर
वाईट झालं. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळीच कॅमेऱ्यातला फोटो. "काळ्या हुडीतला संशयित इसम. सावध राहा." खाली कुणीतरी, पोलिसांना कळवा. सईनं ओळखलं. "आई, आजोबा आहेत हे."
उजाडायच्या आत फिरायला जायची त्यांची सवय. विचारलं तेव्हा बोलले. गेटवर नव्या वॉचमननं अडवलं, टोपी मागं ओढली. त्यांनी मला सांगितलंच नव्हतं.

१५ डिसेंबर
सेक्रेटरी घरी. चहा घेतला. "गैरसमज झाला काका. फक्त टोपी तेवढी काढून फिरत जा."
अण्णा : "मग माझ्या कानावर तुम्ही हात धरून चालणार व्हय?"
मला हसू आलं. त्यांना नाही.
ते गेल्यावर अण्णा खिडकीशी गेले. मग म्हणाले, "शिवारात खोळ घेतलेला माणूस लांबून चालीवरनं वळखू येतोय. हितं माझी चाल कुणाला ठावं हाय?"

२० डिसेंबर
अण्णा बाहेर पडत नाहीत. हुडी घडी करून सईच्या टेबलावर ठेवली. जेवताना, "मला कन्नडला सोड."
यांचं म्हणणं, विसरतील आठ दिवसांत. हे अण्णांना ओळखत नाहीत.

२३ डिसेंबर
सकाळी सईची दुसरी हुडी मीच घातली, टोपी वर. या वयात! अण्णांना म्हटलं, चला. बघतच राहिले. मग त्यांनीही चढवली.
टोपीमुळं शेजारचं दिसत नाही, मान वळवावी लागते. मी सारखी वळवून त्यांच्याकडं बघत होते.
गेटवर अण्णाच थांबले. "कुठला रं तू?"
"वेरूळकडचा, बाबा."
"आता वळखशील ना?"
पोरगा मान खाली घालून, "व्हय बाबा. चुकलं तवा."
येताना अण्णा त्याला हरभऱ्याचं विचारत उभे. मी पुढं आले. वाटलं, राहतील आता.

४ जानेवारी
गेले. भांडण नाही, रुसवा नाही. "तुमच्यावर राग नाय गं. पण हितं मला उठून करायचं काय?" स्टँडवर सोडलं. हुडी अंगात होती. सई म्हणाली, असू दे त्यांना.
संध्याकाळी फोन. पोचले. घर गार पडलंय म्हणाले. चूल पेटवली. खोकला ऐकू येत होता.
"परत कधी येता?"
"हरभरा निघू दे." मग, "तूच का येत नाय चार दिस? तुझ्या घरी मी राहिलो की."
लग्नानंतर तिकडं सलग चार दिवस मी कधी राहिले, आठवत नाही. रजा शिल्लक आहे. यांना अजून बोलले नाही.