मामीचा मोजा

विल्फ्रेडो,

कॉफी गाळायचा कापडी मोजा खिळ्यावर नाही म्हणून घर उलटंपालटं करू नकोस. तो मामीकडे आहे आणि आपली मामी, आपली आई, उद्या घरी येतेय!

खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी सोडण्याआधी पुनर्वसन सेंटरमध्ये, एकटीला जमतं का बघायला, तिला कॉफी करायला लावली होती, आठवतंय? मशीनकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही, नुसती "मोजा द्या, मोजा द्या" म्हणत राहिली. फोनवरच्या दुभाष्याने तिच्या स्पॅनिशचं इंग्रजीत शब्दशः तेच सांगितलं. मग थेरपीवाल्या हेदरने बिचारीने तिच्या पायांत लोकरीचे मोजे चढवले आणि "गोंधळलेली आहे" असा शेरा मारला. तू तर लगेच जाहीर केलंस, मामीचं डोकं गेलं, तिला तिथेच राहू दे.

आज मी आपला काळाकुट्ट मोजा घेऊन गेले. मामी वॉकर बाजूला सारून ओट्याला टेकली, कॉफी गाळली, थेंबही सांडला नाही. पहिला कप हेदरला दिला आणि मला म्हणाली, "पोरीला सांग, आता पायातले काढ, उकडतंय मला."

हेदर इतकी हसली! तिने शेरा बदलला.

उद्या मी कामावरून परस्पर तिला आणायला जातेय. फ्रीजमधला भात गरम करून खा. न्हाणीत धरायचा दांडा बसव. आणि तुझा टीव्ही, डंबेल्स, पलंग, सगळं तिच्या खोलीतून आजच्या आज काढ. "माझी खोली आहे ना रे तशीच?" असं ती तुला विचारणार आहे.

मला विचारलं तेव्हा मी हो म्हणाले.

यारित्सा