लोटा घेऊन निघालेल्या दोघी

प्रमिला,

दूध तापवून झाकले आहे. म्हशीला पेंड घातली. मी एरंडोलला भावाकडे जाते, परत येणार नाही.

काल तुझे मालक, अभिमनभाऊजी, म्हणाले, "वहिनी, या वयात रात्रीचं कुठं हिंडता? धुळ्यात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही." मी तुझ्याकडे पाहिले. तू पदर ओढून म्हणालीस, "माले काय माहीत? अक्का एकलीच जास."

एकली? लोटा घेऊन परसाकडे निघालेल्या बायकांना कुणी अडवत नाही, ही युक्ती तुझीच. लोटे बाभळीखाली ठेवून आपण दोघी शाळेतल्या बाईंच्या रात्रीच्या अक्षरवर्गाला बसायचो. "चला ना अक्का," म्हणून तूच मागे लागलीस. पिकल्या केसांना पाटी कशाला, म्हणत मी आले, कारण तुला अंधाराची भीती.

वर्गाचे नाव घेतले असते तर तूही सापडली असतीस, म्हणून मी गप्प बसले. मार तुला चुकला, बदनामी माझ्या वाट्याला आली.

चिठ्ठी पिठाच्या डब्यात ठेवते. तुला काहीच माहीत नाही, म्हणजे वाचताही येत नसेल. भाऊजींकडून वाचून घे. एकटीनेच इथवर वाचलीस, तर चुलीत घाल.

तुझी मोठी जाऊ,
भिकुबाई