रोटाच्या मुठी

माय, श्रावणात घरात कानबाई बसली की तू आठवतेसच, पण यंदा तुझ्याशी बोलल्याशिवाय चैन नाही. तुझ्या नातीनं खेळ बनवायचं दुकान काढलंय, मोबाइलवरचे खेळ. साडीच्या डिझाइनचा कॉम्प्युटर मी आपला आपण शिकलो, ती मांडीवर बसून त्यावर रेघोट्या मारायची, तिथलंच हे खूळ. गोडादऱ्यात लूमच्या कारखान्यावरची खोली. खाली खटखट, वर ही पोरं. कोणी ओडिया, कोणी गुजराती, आपली खान्देशी थोडी. कित्येक खेळ आपटले. मग साडी विणायचा एक निघाला, धागा तुटला की गाठ मारायची, आणि तो परदेशातली माणसंसुद्धा खेळायला लागली. आता पेपरात फोटो येतात. मी मात्र दमलोय, माय. पोरांचं जेवणखाण, वीज गेली की धावाधाव, सगळं माझ्याच गळ्यात.

मागं बंगळूरची मोठी कंपनी आली. खेळ हवा, पोरगी हवी, बाकीच्यांना नारळ. "बाबा, तुम्हीच सांगा," पोरगी म्हणाली. विकून टाक बाई, सुटू एकदाचे, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

परवा कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजायला बसलो, घरच्या माणसागणिक मूठ, तुझ्यासारखेच. नवागामला राहायचो तेव्हा शेजारची ओडिया बाई रोटाच्या दिवशी दारात आली, तर तू तिला वाटीभर खीर दिलीस, रोट नाही. "भाऊबंदना शे तो, परकाले देता येस नही." आणि मग दिवसभर तिच्या दाराकडे बघायचं टाळलंस. ते आठवत हात चालला होता. घरची माणसं संपली, हात थांबेना.

"बाबा, ही कोणाची?"

"तुझ्या त्या चित्रं काढणाऱ्याची."

"आणि ही?"

"खेळातले आवाज करते तिची. विचारत बसू नको, दळायला उशीर होतोय."

ती हसली. "आजीनं लाटणं फेकून मारलं असतं." मग गॅलरीत गेली, फोन लावला. "नहीं सर, बेचना नहीं है."

म्हणजे माझी दगदग आहेच. आत्ता सगळी पोरं मांडी घालून रोट खाताहेत, वर कढी मागताहेत. तुझ्या गावाला टपाल जात नाही, हे पत्र पिठाच्या डब्याखालीच राहील. सगळ्यात शेवटी एक मूठ तुझीही घातली. गेलेल्याची घालत नाहीत, ठाऊक आहे. ती कोणाची ते पोरीनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.