तळ्याकाठची मुलं

चिमणे,

काल तू प्रदर्शनाला आलीस आणि मी तुला दारातच ओळखलं. मान वाकडी करून चित्र बघायची सवय थेट तुझ्या आईची. ती तुला घेऊन गेली, तेव्हा तुझे दुधाचे दातही पडले नव्हते.

तू नेमकी तळ्याकाठच्या मुलांच्या चित्रापुढे थांबलीस. जवळून तिथे नुसते रंगाचे फटकारे दिसतात. तू मागे सरकलीस, तेव्हा कुठे तुला पाणी हलताना दिसलं असेल.

"यांना चेहरे का नाहीत?" तू विचारलंस.

"ऊन सारखं बदलत होतं. घाईघाईत रंगवलंय."

"आणि ही पाण्यात पाय सोडून बसलेली?"

"आमची मुलगी. पाण्यातून बाहेर यायचं नावच घ्यायची नाही."

"पाणी गार होतं ना," तू म्हणालीस आणि लगेच सावरून घेतलंस, "म्हणजे, असणार. सावलीत एवढा निळा वापरलाय तुम्ही."

तूही मला ओळखलं होतंस तर. तेव्हाच तुला हाक मारायला हवी होती. पण तोंडातून निघालं, "बसा ना, तुमच्यासाठी चहा मागवतो." पोटच्या पोरीला मी अहो-जाहो केलं.

तू पर्स खांद्याला अडकवलीस आणि म्हणालीस, "नको. येते मी, काका."

हे चित्र विकायचं नाही, असं आज सांगून टाकलंय. पत्र मात्र इथेच पडून राहील. तुझा पत्ता मागायचं काल मनात आलं होतं, पण काकाने तो कोणत्या तोंडाने मागायचा?

तुझा,
बाबा