वळणावरचा राउटर

सोमवार, १० नोव्हेंबर

कालच्या नोंदीत दुरुस्ती. दोन्ही राउटर आपल्या टेबलावर हवेतून एकमेकांशी बोलले, लिंक शंभर टक्के, असं मी लिहिलं होतं. ते हवेतून बोलले नाहीत. सॉफ्टवेअर भरताना दोघांमध्ये लावलेली केबल काढायची राहून गेली होती. आज टेबल पुसताना ती आईच्या हाताला लागली. म्हणाली, ही दोरी तुझी का?

तेवढं सोडलं तर टेस्ट यशस्वी.

अडचण एकच. एक राउटर क्लबच्या सचिवांनी कालच नेला आणि डोंगराच्या वळणावरच्या टॉवरवर चढवलासुद्धा. रविवारी सायकल शर्यत आहे. वळणावर मोबाइलला रेंज नाही, म्हणून आमचा हौशी रेडिओ क्लब तिथल्या कॅमेऱ्याचं चित्र खाली प्रथमोपचाराच्या तंबूत दाखवणार. कोणी पडलं तर लगेच कळावं. लिंकची जबाबदारी माझी.

उद्या सचिवांना सांगणे.

मंगळवार, ११, सकाळ

रात्रभर विचार केला, केबल नसती तरी लिंक लागलीच असती. मग टेस्टच्या वेळी काढलेला स्क्रीनचा फोटो मोठा करून पाहिला. आता टॉवरवर असलेल्या राउटरपुढे लिहिलंय, वायरलेस बंद.

ते मीच बंद केलं होतं. राउटरमध्ये लायसन्सवरचं नाव टाकल्याशिवाय हवेत एक शब्द जाऊ नये, हा आमचा नियम. नाव टाकेपर्यंत मी ते बंद ठेवलं. नाव टाकलं. मग चालू करायचं राहिलं. म्हणजे चूक झाली ती नियम पाळताना. हा फरक महत्त्वाचा आहे.

चालू करणं एका मिनिटाचं काम. पण त्यासाठी राउटरशी बोलावं लागतं, आणि त्याचे तर कान आणि तोंड दोन्ही मीच बंद केलेत. टॉवरवर चढण्यावाचून इलाज नाही.

तोच फोटो सचिवांनी क्लबच्या ग्रुपवर टाकलाय. कोपऱ्यात केबलही दिसते. सगळ्यांनी अंगठे दिलेत.

संध्याकाळ

सचिवांच्या औषधांच्या दुकानात गेले. गर्दी होती. म्हटलं, राउटरबद्दल जरा बोलायचं होतं. ते गिऱ्हाइकांना म्हणाले, बघा, हीच ती. तिथे क्लबचे वॉकीटॉकीवाले काका बसले होते. म्हणाले, रविवारी वॉकी घेऊन मी वळणावर उभा राहतो, असू दे आपलं. सचिव हसले. काका, आता तुमच्या ओरडण्याची गरज नाही, चित्रच दिसणार. काका म्हणाले, बरं, मग मी झोपतो.

मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलणं बरं नव्हे. खोकल्याचं औषध घेऊन आले. खोकला नाही.

बुधवार, १२

सचिवांकडे टॉवरची किल्ली मागितली. कारण काय, म्हणाले. ऐन वेळी सुचेना. म्हटलं, राउटरवर धूळ बसली असेल. सचिव म्हणाले, तीन दिवसांत? मी टेप मारून बंद केलाय, मुंगी शिरायची नाही. खरं तर धुळीचा विषय काढायलाच नको होता.

खोटं एक. वहीत नोंद केली, त्यामुळे जरा हलकं वाटतंय.

गुरुवार, १३

बाबांनी रविवारची रजा टाकली. गोदामात सगळ्या हमालांना सांगून झालंय, मुलगी तार न लावता चित्र पाठवते. मुकादम म्हणाला, जमेल का तिला? बाबा त्याच्याशी भांडून आलेत.

धीर करून म्हटलं, बाबा, कदाचित चित्र नाही दिसणार. त्यांनी विचारलं, तू वहीत काय लिहिलंस? म्हटलं, शंभर टक्के. म्हणाले, मग झालं तर. आमच्या घरात लिहिता येणारी मी पहिलीच. लिहिलेलं खोटं निघतं, हे त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

शनिवार, १५

काय बोलायचं ते कागदावर उतरवून काढलं आणि सचिवांना फोन लावला. मी हॅलो म्हणायच्या आत ते म्हणाले, सगळं ठीक ना? प्रश्नच असा की हो म्हणणं भाग पडलं. नंतर विचार केला. ठीक म्हणजे माझ्याकडचा राउटर. तो ठीकच आहे.

उद्या कोणी पडू नये. इतके दिवस कोणी पडलेलं नाही.

रविवार, १६, संध्याकाळ

पडदा काळा. सचिव आधी ढगांना बोलले, मग झाडांना. ढग नव्हते.

दुपारी एक शर्यतवाला सायकल खांद्यावर टाकून तंबूत आला. वळणावर घसरला होता, कोपर फुटलेलं. म्हणाला, बराच वेळ बसून होतो, कोणी कसं आलं नाही? नर्स पट्टी बांधत म्हणाली, आम्ही टीव्ही बघत होतो.

मग सचिवांनी निकाल दिला. कॅमेरा खराब. तो फुकट देणाऱ्या फोटो स्टुडिओवाल्या दादाला सगळ्यांसमोर ऐकवलं. तो एवढंच म्हणाला, दुकानात चालत होता हो. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, असू दे, माणसाकडून चूक होते. पोरीनं तिचं काम मात्र चोख केलं होतं.

दादा खाली मान घालून स्टँड आवरत होता. मी त्याचा स्टँड गाडीपर्यंत उचलून दिला. म्हणाला, थँक्यू ताई, तुम्ही तरी काही बोलला नाहीत.

त्याला सांगायलाच हवं. सचिवांनाही, पण आधी त्याला. उद्या सोमवार, स्टुडिओ बंद असतो. म्हणजे मंगळवारी. सकाळी, शटर वर जाताच. मंगळवार, १८ नोव्हेंबर.