दार नसलेली इमारत

सर,

तुम्ही इस्राएलहून पाठवलेल्या त्या चित्राला टपालाचं एक तिकीट लागलं होतं. माझ्या मुलीला ते तीन वर्षांच्या मेहनतीला पडलंय. ती इथे सिंगापुरात आधुनिक इस्रायली कलेवर पीएचडी करतेय आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण म्हणजे तुम्ही: कोकणातल्या शाळेतले बेने इस्राएल ड्रॉइंग मास्तर, तिकडे वाळवंटातल्या नव्या गावात राहायला गेलेले, आणि तुम्ही काढलेली चार मजली इमारत, जिला दारच नाही.

परवा क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांसमोर बसून, तिने मला परीक्षकांसमोरचं भाषण पहिल्यांदाच म्हणून दाखवलं. स्थलांतरिताचं कोंडलेपण, आत गेला तो गेला, वगैरे. मी म्हटलं, "अगं, राहून गेलं असेल." "बाबा, राहून कसं जाईल? खिडक्यांचे गजसुद्धा मोजून काढलेत. डेलिबरेट आहे, लाह!" पण माझे कान तिखट, खात्री नसली की तिच्या तोंडी इथल्या लोकांचं हे 'लाह' येतं. मी 'कोपी', म्हणजे इथल्या कॉफीच्या कपात तोंड घातलं. मला तुमचा वर्ग दिसत होता. शनिवारी शब्बाथ म्हणून तुम्ही खडूला हात लावायचा नाहीत, पण एरवी फळ्यावर कान नसलेला कप, तीन पायांची खुर्ची काढून बाजूला व्हायचात. "ओळखा रे, चूक कुठाय?" पहिला हात माझा. एकदाच चुकलो, तर म्हणालात, "डोळे आहेत का बटणं, गाढवा?" त्या नजरेवरच तर मी उभा राहिलो. हयातभर लोकांच्या ऑफिसांना दारं बसवली, सूतभर तिरकी चौकट मला लांबून कळते. सरांची एकही चूक माझ्या नजरेतून सुटली नाही, हे मुलीला लहानपणापासून ऐकवत आलोय.

चित्राच्या मागे तुमच्या अक्षरात 'चूक ओळख' लिहिलेलं आहे. फ्रेममुळे तिने ते पाहिलेलं नाही. सांगावं तर तिचं प्रकरण कोसळतं. न सांगावं तर शुक्रवारी परीक्षकांसमोर, तुमचा विद्यार्थी म्हणून, पहिल्या रांगेत मान डोलवत बसायचं. आणि खेळ म्हणून का होईना, तुम्ही मला खरंच ते कोंडलेपणच सांगत असलात तर? विचारायला तुम्ही नाहीत. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. हे पत्र खणातच राहणार.

चित्र आलं तेव्हा मी उलट टपाली कळवलं होतं, "सापडली, सर." चाळीस वर्षं ते चित्र माझ्या हॉलमध्ये आहे. दार नाही हे मला परवा, मुलीने सांगितलं तेव्हा दिसलं.